दुसऱ्या भागातला समुद्र

सून घरात आली तेव्हा आमचं बोलणं जेवणापुरतंच होतं. मी मुळातच अबोल. पनवेलच्या बाजारात बाकीच्या कोळणी हाका मारून गिऱ्हाईक ओढतात, मी पाटी मांडून गप्प बसते. ती खारघरच्या कॉलेजात शिकलेली. तिच्याशी काय बोलावं ते मला सुचेना, आणि तिला माझ्याशी.

पावसाळ्यात मासळी कमी, त्यामुळे मी दुपारीच करंजाड्याला घरी यायची. एकदा तिच्या भावाने टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन आणून दिलं, रविवारी संध्याकाळी परत न्यायच्या बोलीवर. सोबत एका खेळाचा दुसरा भाग. पहिला भाग बहीणभावांनी मिळून संपवला होता. रविवारच्या आत यातल्या अजगराला मारायचंच, असं तिने ठरवलं होतं, पण तो एकटीला आवरण्यातला नव्हता. या भागात जोडीनेही खेळता येतं म्हणाली आणि दुसरा रिमोट माझ्यापुढे धरला.

"आई, बसता का? तुम्ही फक्त माझ्या मागे मागे यायचं."

मागे मागे जाणं मला जमण्यासारखं होतं.

ती तलवारवाली, मी जादूगारीण. एका बटणाने आग, दुसऱ्याने बर्फ. वार आला की गडगडत बाजूला व्हायचं. मेलेल्या राक्षसांची शिंगं लोहाराला दिली की तलवारीला धार चढे. लढाईत गुण मिळत, ते कुठल्या विद्येत घालायचे ते आपण ठरवायचं. मी सगळे बर्फात घातले. बर्फाशिवाय आमच्या धंद्यात चालत नाही म्हटल्यावर ती खुदकन हसली.

शनिवारी खेळात बंदर लागलं. अजगर पलीकडच्या बेटावर होता. सून कुकर बंद करायला उठली आणि मला होडी सोडायला सांगून गेली. आभाळ काळं, लाटा उसळलेल्या. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय आमच्यात होडी लोटत नाहीत, आणि पौर्णिमा तर अजून यायची होती. माझ्या जादूगारणीच्या पिशवीत नारळ कुठला. दोघींच्या जखमांवरच्या औषधाच्या लाल बाटल्या तेवढ्या होत्या. वस्तू टाकायचं बटण मला ठाऊक होतं. सगळ्या बाटल्या पाण्यात सोडल्या, मनात हात जोडले आणि मग होडी काढली.

सून आली तोवर आम्ही बेटावर. तिने पिशवी उघडून बघितली आणि औषध कुठे गेलं विचारलं.

"समुद्राला दिलं गो. तसंच कसं जायाचं?"

ती लादीवर बसून इतकी हसली की आतून आमचे हे बघायला आले. अजगर मेल्याशिवाय होडी परत निघत नव्हती आणि बेटावर दुकान नव्हतं. आता एकच उपाय उरला, म्हणाली. जोडीदार पडला की दुसऱ्याने जवळ जाऊन बटण दाबून धरायचं, म्हणजे तो उठतो.

रविवारी दुपारभर अजगराने आम्हाला लोळवलं. ती पडायची, आणि मी लांब दगडाआड. तिथून पुढे जायला माझे पायच निघत नसत. संध्याकाळी तिचा भाऊ मशीन न्यायला आला. यांनी त्याला चहा देऊन थांबवलं. तेवढ्यात सून पुन्हा पडली, नेमकी अजगराच्या जबड्याखाली. तिने माझ्याकडे वळून बघितलं. मी गडगडत थेट तिच्यापाशी गेले आणि बटण दाबून धरलं. ती उठली. लगेच मी पडले, तिने मला उठवलं. शेवटी मी त्याचं धड बर्फात धरलं आणि तिने मान उडवली. मी ओरडले, असं हे म्हणतात. मला आठवत नाही.

भाऊ वायरी गुंडाळत होता आणि ती त्याला औषधाची गोष्ट सांगत होती, माझा आवाज काढून, हात जोडून. तो तोंडावर हात ठेवून हसत होता. एरवी मी लाजून उठले असते. पण तिने मधलं थोडं चुकीचं सांगितलं.

"होडी सोडल्यावर नाय, आदी दिलं," मी म्हणाले, आणि पुढची गोष्ट मीच सांगितली.