ओटीपीताई

हॉस्टेलमधल्या कुठल्या मुलीच्या बापाचा फोन आहे, हे ओटीपीताई नुसत्या खोकण्यावरून ओळखायची. उस्मानपुऱ्यातल्या त्या हॉस्टेलात आम्ही सगळ्या नीटची तयारी करणाऱ्या, आणि फुलंब्रीची ताई आमच्यातली सगळ्यांत जुनी रिपीटर. दिवाळीतच घरच्यांनी तिला बजावलं होतं, आता बास, स्थळं बघायची. तरी सुटी संपताच ती बॅग घेऊन परत आली.

नाव पडलं ते फॉर्म भरायच्या दिवसांत. नंबर घरचा दिलेला, त्यामुळे ओटीपी जायचा बापाच्या मोबाइलवर, आणि बाप तो जोड्या लावून सांगायचे. माझ्या पप्पांनी करमाडहून "बावन्न, एकोणसत्तर, अठ्ठ्याऐंशी" असं सांगितलं आणि इंग्रजी शाळेतली मी सात नऊ दाबून मोकळी झाले. चुकलं. ताईनं फोन हिसकावून घेतला.

"काका, राम राम. सावकाश सांगा, घाई नाय." मग माझ्याकडे वळून, "येडे, एकोणसत्तर म्हंजे सहा नऊ. सत्तरला एक कमी. आपल्यावानीच, जरा जरा कमी."

ती हसली. मला हसू आलं नाही.

तेव्हापासून तिच्या कॉटपाशी रांग लागू लागली. ओटीपी घेता घेता ती कापूस वेचला का, गुडघा कसा आहे, हेही विचारून घ्यायची. काही बापांना ती क्लासची मॅडमच वाटे. "पोरगी लागंल ना मॅडम?" असं कुणी विचारलं, की शेजारी भरदुपारी घोरणाऱ्या पोरीकडे बघत ती सांगायची, "लागंल की. लई अभ्यास करती."

शेवटच्या दिवशी फक्त तिचाच फॉर्म राहिला होता. तिनं माझ्या मोबाइलवरून घरी फोन लावला, स्पीकरवर. वडील आधी खोकले, मग म्हणाले, "नाय आला." तिनं पुन्हा ओटीपी मागवला.

"नाय आला म्हणलं ना."

तेवढ्यात मागून तिच्या आईचा आवाज आला, "आलाय की हो मेसेज. सांगा की तिला." फोन कट झाला.

"ताई, माझा नंबर टाक," मी म्हणाले.

"टाकता यील गं," ती म्हणाली. "पण त्यांनी सांगायला पायजे होतं."

दुसऱ्या दिवशी ती गेली. मी तिची बॅग रिक्षापर्यंत नेली.

मला मेडिकलला प्रवेश मिळाला. आता माझे ओटीपी माझ्याच मोबाइलवर येतात, कुणाला विचारावं लागत नाही. तरी मी ते जोड्या लावून मोठ्यानं म्हणते. खोलीत एकटीच असते, ऐकणारं कुणी नसतं. ताईची आठवण फार येते. तिचा नंबर लग्नानंतर बंद झाला. माझ्याकडे उरलाय तो तिच्या वडिलांचा.

परवा न राहवून लावला. पलीकडून आधी खोकला आला. मी ओळखला.

"काका, राम राम," मी म्हणाले.

"ती नाय इथं," ते म्हणाले. मी काही विचारलंही नव्हतं. बराच वेळ त्यांनी फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.