सकाळीच काढलेला जुना फोटो

पासपोर्टच्या खिडकीतून ताईचा फोटो दुसऱ्यांदा परत आला, तेव्हा तिच्या फोटोवाल्या भावाचं डोकंच फिरलं. गल्लीत त्याला इस्त्रीवाला म्हणत, कारण त्याच्या स्टुडिओत बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर एक सुरकुती म्हणून शिल्लक राहत नसे. आजवर कुणाची तक्रार नव्हती. चेहरा गुळगुळीत झाल्याची तक्रार करतंय कोण!

पण इथे ताई अडकली होती. परदेशात तिच्या लेकीला नववा लागला होता, आणि तिथे तिचं करणारं कुणी नव्हतं.

आधी ताईने स्वतःच एक फोटो दिला होता. "अगदी अलीकडचा आहे." अलीकडचा कसला! त्यात भावजींचा खांदा दिसत होता. भावजी गेले, मग ताईचं ते लांबलेलं आजारपण. फोटोनंतरचं हे काहीच तिने हिशेबात धरलं नव्हतं. तो फोटो परत आला, म्हणून आज त्याने नवा काढून आणला, तर खिडकीतल्या बाईंचं पुन्हा तेच.

"रीसेंट फोटो आणा."

"अहो, सकाळीच काढलाय! याहून रीसेंट म्हणजे काय, उद्याचा आणू?"

"कधी काढला ते विचारलंय का मी? या समोर उभ्या आहेत ना, या दिसायला हव्यात. यात त्यांची धाकटी बहीण दिसतेय."

ताई चक्क लाजली. "म्हटलं नव्हतं मी, छान आलाय म्हणून?"

"ताई, तू गप्प बस गं!"

तणतणत दोघं स्टुडिओत परतली. त्याने तिला स्टुलावर बसवलं, दिवा लावला, पांढरा पडदा ओढला.

"डोळ्यांखालचं तेवढं काढ हं."

"काही काढणार नाही. जायचंय ना तुला?"

फोटो स्क्रीनवर आला आणि सवयीने त्याचा हात माउसकडे गेला. तो त्याने मागे घेतला. गाल बसलेले, मान ही एवढीशी. हे कधी झालं? रोज दुपारी तो तिच्यासमोर बसून जेवत होता. वर भाचीला दर महिन्याला आईचा फोटो पाठवत होता, इस्त्री करून. 'मामा, आई आहे तश्शीच आहे,' म्हणून भाची खूश!

ताई स्क्रीनकडे बघत राहिली. "हा तिला पाठवू नकोस. घाबरेल रे ती."

"आणि विमानातून उतरशील तेव्हा?"

ताईने पदर सारखा केला.

खिडकी बंद व्हायच्या आत दोघं पोचली. बाईंनी फोटो पाहिला, ताईकडे पाहिलं आणि धाडकन शिक्का मारला. एका शब्दाने काही विचारलं नाही.

एवढ्या कशा वाळलात, असं काहीतरी विचारायला हवं होतं त्यांनी, असं त्याला वाटलं. पायऱ्या उतरताना ताईने आधाराला हात पुढे केला, तेव्हाही तो त्या बाईंवरच चरफडत होता.