सोबतीचं तिकीट

भर दुपारी फोन करणारा माणूस एक तर परका असतो, नाहीतर जवळचा नातेवाईक. दोघांनाही माझ्या कामाची पर्वा नसते. पेणच्या रामवाडीत माझी खाणावळ आहे, आणि त्या वेळी डोलवीच्या कंपनीत दुसऱ्या शिफ्टला जाणारी कंत्राटी माणसं पानावर बसलेली असतात. माझ्या एका हातात वाढायचा चमचा, दुसऱ्या हातात फोन. पलीकडून गोड आवाजात मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमच्या विमानाच्या कार्डावर खास अपग्रेडची ऑफर आली आहे."

"बाय, तू जेवलीस का?" मी विचारलं.

ती गडबडली. नाही म्हणाली.

"मग जेव. मला बी वाढू दे. चार वाजता फोन कर."

तिने खरोखर चारला केला, म्हणून मी सगळं ऐकून घेतलं. नवं कार्ड वरच्या दर्जाचं. फी आताच्या कितीतरी पट. त्याबदल्यात पॉइंट झटपट जमणार, विमानतळावरच्या लाउंजमध्ये बसून फुकट खायचं, आणि मुख्य म्हणजे वर्षातून एकदा एक तिकीट विकत घेतलं की सोबतीच्या माणसाचं तिकीट फुकट. महिनाअखेरपर्यंत होय-नाही कळवायचं होतं. लाउंजचं मला हसू आलं. जन्मभर दुसऱ्यांना जेवू घालणारी बाई विमानतळावर जाऊन फुकटचं कशाला खाईल?

आता मी कधी विमानात बसले नव्हते आणि तरी माझ्याकडे बँकेचं विमानाचं कार्ड होतं, याचं कारण माझा जावई. लेक आणि तो कोलकात्याला असतात. लग्नानंतर पहिल्याच गणपतीला आले तेव्हा तो म्हणाला, "आई, तांदूळ, तेल, गॅस, एवीतेवी भरताच. या कार्डावर भरा, आपोआप पॉइंट जमतील, आणि मग त्यावर विमानाने या आमच्याकडे." मी दर महिन्याचं बिल वेळेवर चुकतं करत गेले आणि पॉइंट जमत गेले. पनवेलकडचा नवा विमानतळ सुरू झाल्यापासून तर आमच्या ह्यांना चिडवायला निमित्तच मिळालं. आकाशात आवाज आला की म्हणायचे, "बघ गो, तुझा भात घेऊन चाललं इमान."

चिडवत होते, पण यायचं नाव काढत नव्हते. कारण आमच्याकडची जुनी रीत. लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरी जेवायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. आणि लेक-जावयाने ठरवलंय, मूल नको. मी एकदा विचारलं, एकदा उत्तर मिळालं, माझ्यापुरता विषय संपला. ह्यांच्या लेखी मात्र त्याचा अर्थ असा झाला, की त्या घरचं पाणी आता या जन्मी नाही. लेक दर गणपतीला यायची आणि निघताना विचारायची, तुम्ही कधी येणार? यंदा तिने विचारलंच नाही. नुसतीच पाया पडली आणि रिक्षात बसली. मला ते फार लागलं.

अपग्रेडबद्दल मी जावयाला फोनवर विचारलं. मुलगा सरळ आहे. आडपडदा न ठेवता म्हणाला, "आई, तुम्ही एकट्या येणार असाल तर घेऊ नका. जमलेल्या पॉइंटांत तुमचं जाणं-येणं बसतं. सोबतीचं तिकीट पॉइंटांच्या तिकिटावर मिळत नाही, त्यासाठी पहिलं तिकीट पूर्ण पैशांनी काढावं लागतं. पण बाबाही येणार असतील, आणि पुढेही येत राहणार असतील, तर त्या फीचं चीज होईल." मग जरा थांबून म्हणाला, "बाबा येणार आहेत का?"

म्हणजे कार्ड चांगलं की वाईट, हे बँकेच्या हातात नव्हतंच. ते ओटीवर पेपर वाचत बसलं होतं.

मी जाऊन विचारलं, "मी लेकीकडे जाते. तुमी येनार का?"

"कार्ड घेऊ नको," हे पेपरातून म्हणाले. "नाकापेक्षा मोती जड."

"मी फीचं नाय विचारलं. येनार का, ते विचारलं."

"तेच सांगतोय. दोघं गेलो तर परवडंल. दोघं जानार नाय. मग कसं परवडंल?"

भाजीच्या जुडीचा भाव ज्यांना आजवर ठाऊक नाही, ते अचानक परवडण्याची भाषा करायला लागले. मनातलं बोलायचं नसलं की माणसाला हिशोब बरा सुचतो. माझं डोकंच फिरलं.

माझं माहेर रोह्याजवळचं, आत खेड्यात. भात आणि वाल करणारी माणसं. लग्नानंतर बरीच वर्षं मला मूल नव्हतं. माझा बाप दर उन्हाळ्यात वालाची पिशवी घेऊन पेणला यायचा. एसटी स्टँडवर पाणी पिऊन मग घरी. ओटीवर बसायचा, घाम पुसायचा, माझ्याकडे बघायचा. आत मी स्वयंपाक करून ठेवलेला असायचा, दरवर्षी, या वेळी तरी घेतील म्हणून. लेक जन्मली त्याच्या आदल्या वर्षी बाप गेला. आज माझ्या हातचं कुठकुठच्या मुलखातली माणसं जेवून जातात, माझ्या बापाच्या पोटात मात्र माझ्या घरचा एक घास गेला नाही.

मी म्हटलं, "माझ्या बापाला तुमीच हात जोडले व्हते. बाबा, घोटभर तरी घ्या म्हनून."

हे पेपर खाली ठेवून म्हणाले, "त्यांनी घेतलं का?"

"नाय घेतलं."

"मग? ती मानसं काय येडी व्हती?"

"येडी नव्हती. तान्हेली व्हती."

त्यांनी पेपर पुन्हा उचलला. त्या दिवशी मला ह्यांचा संताप आलाच, पण इतक्या वर्षांनी पहिल्यांदा बापाचाही आला. रीत पाळून तो मोठा झाला असेल चारचौघांत. मी आत चुलीपाशी रडत होते, ते चारचौघांपैकी कुणी पाहिलं नव्हतं.

रविवारी मी रोह्याला भावाकडे गेले. लेकीला न्यायला कडवे वाल हवे होते. वाल मापता मापता भावजय म्हणाली, "ताई, जा, पन हाटेलात उतरा. नायतर लोकं हसतील."

"हसतील त्यांचे दात दिसतील," मी म्हटलं. "पिशवी भर."

भाऊ खाली मान घालून हसला. परतीच्या एसटीत बसवताना त्याने आणखी एक पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "सोलून वाळवलेले हायत. तिला येळ नसंल."

महिनाअखेरीला त्या मुलीचा फोन आला, या खेपेस बरोबर चार वाजता. मी नको म्हणून सांगितलं. तिला कारण हवं होतं.

"फी जास्त वाटते का, मॅडम?"

"दोघं फिरनारी असतील तर फी रास्त हाय."

"मग प्रवास कमी आहे का?"

"आतापासून वाढनार हाय."

"मग घ्या ना, मॅडम. सोबतीचं तिकीट फुकट आहे."

"तिकीट फुकट हाय गो. सोबत फुकट मिलत नाय."

ती हळूच म्हणाली, "ठीक आहे, मॅडम. जाऊन या." मला ती पोर आवडली.

जावयाने पॉइंटांवर माझं एकटीचं तिकीट काढलं. खाणावळ हाताखालच्या बाईवर सोपवली. ह्यांनी वालाच्या पिशव्या रिक्षेपर्यंत आणून दिल्या. विमानाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. मधल्या सीटवरच्या माणसाने दोन्ही हातांच्या जागा बळकावल्या तेव्हा मी त्याचं कोपर बाजूला सारलं.

लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर. छोटंसं, स्वच्छ. मी बसले तशी ती आतून ट्रे घेऊन आली. ट्रेमध्ये पाण्याची बाटली होती, दुकानातली, सील न फोडलेली. शेजारी बेकरीतल्या बिस्किटांचा पुडा.

"बाहेरचं आहे, आई," ती म्हणाली. "जेवणही खालच्या हॉटेलातून मागवते. तुला रीत मोडावी लागणार नाही."

माझ्या पोरीने माझ्यासाठी तिच्याच घरात परकं पाणी आणून ठेवलं होतं. तिचा रागही नव्हता त्यात, म्हणून तर मला जास्त वाईट वाटलं. मी ट्रे बाजूला सरकवला, उठले, स्वयंपाकघरात गेले, तिच्या मांडणीवरचा पेला घेतला आणि तिच्या पिंपातलं पाणी भरून उभ्यानेच प्याले. मग आणखी एक पेला प्याले. ती दारात उभी राहून बघत होती.

"हाटेलाला सांग, नको," मी म्हटलं. "वाल आनलेत. तू कर. मी हात लावनार नाय."

वालाचं बिरडं तिने तिच्या पद्धतीने केलं. नारळ कमी, गूळ जास्त, आणि फोडणीत कसलीशी तिकडची बडीशेप. जावयाने पाट नव्हता म्हणून खाली सतरंजी घातली. आम्ही तिघं बसलो आणि माझ्या ताटात पहिला भात पडतोय तोच ह्यांचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"पोचलीस?"

"पोचले. जेवतेय."

"कुठं?"

"लेकीच्या घरात. तिच्या हातचं."

पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. लेकीने भाताचं पातेलं हातात तसंच धरून ठेवलं होतं.

"बिरडं हाय?" ह्यांनी विचारलं.

"हाय. कसं झालंय ते हितं येऊन बघा. फुकटचं तिकीट मी परत धाडलंय. आता पुरे पैसे मोडून यावं लागंल."

घसा खाकरून ते म्हणाले, "कितीला पडतं?"

लेक माझ्याकडे बघत होती, जावईही. मी आधी भात कालवला. माझ्या तोंडात घास होता.