जिन्यावरचं पीठ

बायकोचा डावा पाय नीट उचलत नाही हे ठाऊक असून मी घरच्या जिन्यावर तांदळाचं पीठ भुरभुरवलं.

हेतू तपासणीचा. भरे गावच्या एका कंपनीत गेटवर कामगारांच्या पिशव्या तपासण्यात माझी सगळी नोकरी सरली. संशय घ्यायचा मला पगार मिळायचा. रिटायर होऊन रिहे गावात घरी बसलो, तर तपासायला उरलं कोण? ही एकटीच.

तिचं दुखणं जुनं. मेंदूतल्या मज्जातंतूंवर मायलिनचं आवरण असतं, ते तिचं मधूनच झडतं. तिशीत एकदा डोळा अंधुक झाला आणि दोनेक महिन्यांत आपसूक सुधारला. आता साठीत पाय अडखळायला लागला. वर्ष होत आलं, पण ढिम्म. डॉक्टर म्हणाले, "आवरण पुन्हा चढवणाऱ्या पेशी तयार व्हाव्या लागतात. कच्च्या पेशी मेंदूत असतात, पण वय झालं की त्या लवकर पिकत नाहीत. दुरुस्ती रेंगाळते. रोज जिना चढायला लावा."

मला पटलं नाही. वयावर ढकललं की डॉक्टर मोकळा. डोळ्याच्या वेळी झटपट कामाला लागलेल्या पेशी पायाच्या वेळीच बऱ्या रेंगाळल्या? माझा हिशोब सरळ होता: बाई जिना चढतच नाही. मी डेअरीवर दूध घालायला गेलो की टीव्हीपुढे बसत असणार, आणि विचारलं की म्हणणार, "चढले की."

म्हणून पीठ. ती आंघोळीला गेल्यावर टाकलं आणि किटली घेऊन निघालो.

परत आलो तर पुरावा हजर. पायरीपायरीवर उजव्या पावलाचा स्वच्छ ठसा. डाव्याचा ठसा कुठेच नाही, नुसता ओढत नेलेला पट्टा. वर गेलेला, खाली आलेला, पुन्हा वर गेलेला. मधल्या एका पायरीवर दोन्ही हातांचे पंजे. तिथे ती घसरली होती.

वर पाहिलं, तर शेवटच्या पायरीवर कोपर चोळत बसलेली.

"मुंग्यांसाठी टाकलं होतं," मी म्हणालो.

"व्हय. मुंग्या जिना चढत्यात का, ते बघत हुता."

"लागलं का?"

"लागलं. पाय बरा व्हईल का न्हाई, कुनाला ठावं. पन मी चढायची थांबनार न्हाई. उद्यापास्नं तुमी माज्या मागं ऱ्हायाचं."

"धरायला?"

"धरायला तुमचा काय भरवसा? पडलेच, तर खाली कायतरी मऊ पायजे."