शुक्रवारी बर्फ शोधणारी पूर्वा

एकोणीस वर्षांच्या मुलीला कोणी 'सुटली' म्हणत नाही. काल पूर्वा गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या तोंडून तेच निघालं.

आई म्हणाली, "जिभेला काही हाड?"

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तिला पाहिलेलं नाही. म्हणून सांगते.

अकरावीत, अंबरनाथच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात, बायोच्या मॅडमनी प्रोजेक्ट दिला. डीएनए क्लोनिंग, पण सोप्या पद्धतीने. तुकडे चिकटवायचं महागडं एन्झाइम वापरायचंच नाही. टोकं जुळणारे तुकडे सरळ बॅक्टेरियात सोडायचे, ते आतल्या आत जोडून घेतात.

जमलं तर बॅक्टेरिया हिरवे चमकणार. तोवर मात्र त्यांना बर्फात ठेवायचं.

आम्ही हुशारांनी दिवस निवडला शुक्रवार. इथे शुक्रवारी मेंटेनन्ससाठी लाइट जाते, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. गेली. फ्रीजरमधला बर्फ वितळायला लागला.

पूर्वा म्हणाली, "टेन्शन नको घेऊ. शुक्रवार म्हणजे मच्छीचा दिवस. मार्केटमध्ये बर्फच बर्फ असेल."

आम्ही मार्केट गाठलं. कोळीण म्हणाली, "बाय, नुसता बरफ नेऊन काय करशील? बोंबील तरी घे."

"मावशी, आमचे मासे डोळ्यांना दिसत नाहीत."

पुढे कितीतरी दिवस लॅबला बोंबलाचा वास होता. पण प्लेटवर हिरवे ठिपके आले.

पूर्वा मला गदागदा हलवून म्हणाली, "यार, मला हेच करायचंय. लाइफभर."

घरी ठरलेलं होतं, डॉक्टरच.

बायोटेकची ॲडमिशन मिळाली होती, तिच्या पप्पांनी कॅन्सल केली. मग ड्रॉप, म्हणजे वर्षभर घरी बसून मेडिकलच्या एन्ट्रन्सचा अभ्यास. एन्ट्रन्स परत हुकली, परत ड्रॉप. शिरगावच्या फ्लॅटमधली एक खोली, फोन पप्पांकडे.

मी भेटायला गेले की काकू दारातूनच सांगायच्या, "अभ्यास चालू आहे गं तिचा."

राग यायचा. आज तिच्या घरी गेलो तेव्हाही आला. पण काकूंकडे बघून तो गिळला.

ताप अंगावर काढला तिने. "ही टेस्ट होऊ दे, मग डॉक्टरकडे जाऊ," असं पूर्वाच म्हणाली म्हणे. डेंग्यू निघाला.

तीच टेस्ट सिरीज माझीही आहे. मीही ड्रॉपर. माझंही दार बाहेरून कोणी लावत नाही, तरी मी आतच असते.

तिच्या घरून आलो, आंघोळी झाल्या. बाबांनी हळूच विचारलं, "उद्याचा पेपर किती वाजता?"

"मी देणार नाहीये."

त्यांनी ओला टॉवेल दोरीवर टाकला. मग म्हणाले, "तिचं तेरावं होऊ दे, मग बोलू."

पूर्वा, नीट जा गं.

तेराव्यानंतर काय होईल माहीत नाही. उद्या मी घरीच आहे.