पित्ताची पिशवी तिकडेच राहिली

परतवाड्याच्या स्टँडवर दुपारची ट्रॅव्हल्स लागली होती आणि आई तेलाचा डबा घेऊन धापा टाकत आली. फल्लीचं तेल, ओळखीच्या घाण्यावर उभं राहून काढून आणलेलं. पुण्याच्या वाचकांसाठी सांगून ठेवते, आमच्याकडे शेंगदाण्यांना फल्ली म्हणतात. क्लीनरनं डबा डिक्कीत ठेवायला साफ नकार दिला, सांडला तर सगळ्यांच्या बॅगा तेलात जातील म्हणाला. मग आईनं तो सरळ माझ्या मांडीवर दिला आणि खिडकीखाली उभी राहून म्हणाली, "तेलाले हात आखडू नको वं. रश्श्यावर तर्री नाई दिसली तं लोक म्हणतीन, पोरीच्या घरचं काही खरं नाई." लग्नाला महिनाही झाला नव्हता. प्रशांत, माझा नवरा, चाकणच्या कारखान्यात कामाला लागला होता आणि विश्रांतवाडीत भाड्यानं खोली बघून माझी वाट बघत होता. मी डब्याला मिठी मारून पुण्यापर्यंत आले आणि रडायचं राहूनच गेलं, कारण दोन्ही हात अडकलेले होते.

त्याच स्टँडवरून मी आणखी एकदा निघाले, तेव्हा माझ्यात एक अवयव कमी होता. हे लिहिणं त्या दुसऱ्या निघण्याबद्दल आहे. जे तिकडेच राहिले त्यांच्यासाठी लिहिते आहे, कारण त्यांची समजूत आहे की पुण्याला गेलेल्यांचं पोटसुद्धा शिष्ट होतं. आणि माझ्यासारखे जे इकडे आले त्यांच्यासाठीही, कारण पित्ताशय काढल्यानंतर जी पळापळ सुरू होते, तिच्याबद्दल आपल्यात कोणी तोंड उघडत नाही.

पुण्यात मी लवकर रुळले. शनिवार पेठेत एक लहानसा छापखाना आहे, अभ्यासाची पुस्तकं छापतो. तिथं मी प्रुफं तपासायला लागले. मालक दामले. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं काय चाललंय, आणि मी आमच्या पद्धतीनं म्हणाले, "प्रुफं वाचून राहिले आहे." दामल्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "वाचताय की राहताय? पगार एकाचाच मिळेल." मला राग आला नाही. उलट वाटलं, हा माणूस शब्दाला शब्द म्हणून बघतो, याच्याकडे काम करायला हरकत नाही. पुढं मी त्यांच्या चुका काढायला लागले, तेव्हा त्यांनी तेही निमूट घेतलं. घरी फोनवर मी "मी आली", "मी गेली" म्हणायचे आणि छापखान्यात "आले", "गेले". दोन्ही जिभा माझ्याच होत्या आणि मला त्याचा अभिमान होता.

एका दिवाळीला परतवाड्याला गेले असताना गोळाभात झाला. भातात शिजलेले डाळीचे गोळे ताटात कुस्करायचे आणि वर कडकडीत फोडणीचं तेल ओतायचं, असा हा प्रकार. आमच्या घरात तेलाची पळी आईच्या हातात असते आणि वाढून घेणाऱ्यानं पटकन "पुरे" म्हणायचं नसतं. पटकन म्हटलं की तिला वाटतं, रागावलं कोणीतरी. मी यथेच्छ खाल्लं आणि संध्याकाळपर्यंत उजव्या बरगडीखाली अशी कळ निघाली की मला धड बसता येईना. अमरावतीला नेलं, सोनोग्राफी झाली, पिशवीत खडे निघाले, आणि भाऊबीज मी दवाखान्यात पिशवीविना साजरी केली. आई उशाशी बसून म्हणाली, "बरं झालं. पित्ताची पिशवीच गेली, आता पित्त कायचं होते तुले." मला हे अगदी पटलं. आमच्या घरात सगळ्यांनाच पित्ताचा त्रास, आंबट ढेकरा, डोकं धरणं. मी एकटी त्यातून सुटले म्हणून मला बरंच वाटत होतं.

पुण्यात आले आणि आठवड्याभरात कळलं, की सुटका वगैरे काही नाही. जेवलं की पळायचं. चहा-पोळी खाऊन बसमध्ये बसलं की येरवड्याच्या अलीकडेच पोटात खळबळ. कितीदा तरी मी भलत्याच थांब्यावर उतरले आहे. पुणं मी आधी पाट्यांवरून ओळखत होते, आता संडासांवरून ओळखायला लागले. कुठल्या मॉलचा रखवालदार काही विचारत नाही, कुठल्या दवाखान्यात पेशंट असल्यासारखं सरळ आत शिरता येतं, स्वारगेटला कुठल्या हॉटेलात एक चहा मागवला की मागचं दार मोकळं होतं, हे मला अजूनही तोंडपाठ आहे. बाईमाणसाला या शहरात स्वच्छ संडास सापडणं म्हणजे काय, हे ज्यांना माहीत आहे त्यांना जास्त सांगायला नको.

मी फोनवर आईला सांगितलं, पोट बिघडलं आहे, पित्त वाढलंय बहुतेक. आता पित्तावर आमच्या घरात एकच औषध. "तूप खा. तुपानं पित्त मरते. अन् थंडं दूध पेत जाय." पुढच्याच आठवड्यात कोणाच्या तरी हाती घरच्या म्हशीचं तूप आलं. मी रोज सकाळी ते दुधात घालून श्रद्धेनं घेत होते आणि रोज सकाळी धावत होते. धावले की वाटायचं, पित्त फारच वाढलं, आणि तूप थोडं वाढवायचे.

छापखान्यात मी दिवसातून कितीदा उठते हे सगळ्यांना दिसत होतं. मी कोणाला काही सांगितलं नव्हतं. एका सकाळी गेले तर माझं टेबल खिडकीजवळून हलवून आतल्या बोळात लावलेलं. दामले म्हणाले, "खिडकीत ऊन येतं. कागद पिवळे पडतात." आतल्या बोळात उजेड इतका कमी होता की दिवसासुद्धा दिवा लावावा लागे. पण संडासाचं दार हाताच्या अंतरावर होतं. मी म्हणाले, "सर, इथं ऱ्हस्व-दीर्घ दिसणार नाही." ते म्हणाले, "तुम्हाला दिसतं. आम्हाला उजेडातही दिसत नाही." आणि ते आपल्या कामाला लागले. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, या गावात माझं कोणीतरी आहे.

मग प्रशांतनंच हट्ट धरून डॉक्टरकडे नेलं. विश्रांतवाडीतल्याच डॉक्टरीणबाई, पोटाच्या. त्यांनी तपासण्या करून घेतल्या, दुसरं काही नाही ना ते पाहिलं आणि मग विचारलं, "सकाळी उठल्यावर काय घेता?"

"दूध. तूप घालून."

त्यांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. "पित्ताशय काढल्यावर तूप? कोणी सांगितलं?"

"आईनं. पित्तावर."

"आईंना सांगा, औषध बरोबर आहे, आजार चुकीचा आहे." मग त्यांनी कागदावर यकृत काढून दाखवलं. आपण घरात ज्याला पित्त म्हणतो ती पोटातली आम्लता. पित्ताशयात असतो तो पित्तरस, तो वेगळा. तो यकृतात तयार होतो आणि तेल-तूप पचवायला लागतो. पिशवी फक्त तो साठवून ठेवायची आणि जेवण आलं की सोडायची. आता पिशवी नाही, तर तो दिवसभर थोडा थोडा आतड्यात गळत राहतो. बऱ्याच जणांना त्याचं काहीच होत नाही, काहींच्या मोठ्या आतड्याला तो सोसत नाही. एकदम तेल-तूप पडलं की जास्तच. "तेल सोडायचं नाही, एका वेळी ओतायचं नाही," त्या म्हणाल्या. थोडं थोडं, चार-पाच वेळा खायचं. शिवाय पाण्यात कालवून घ्यायची एक पावडर दिली, जी जादाचा पित्तरस धरून ठेवते, आणि बाकीच्या गोळ्या तिच्यापासून लांब घ्या म्हणून बजावलं.

बाहेर आल्यावर मी रिक्षास्टँडवर उभी राहून इतकी हसले की प्रशांतला काळजी वाटली. दिवसभर लोकांच्या शब्दांतल्या चुका काढून पोट भरणारी मी, आणि एका शब्दाच्या दोन अर्थांनी मला इतके महिने पळवलं होतं.

पावडरची चव वाळूसारखी आहे, पण तिनं माझं आयुष्य परत दिलं. पूर्ण बरं वाटतं असं नाही. लग्नाची पंगत, कोणाच्या तरी बारशाचं श्रीखंड, यात पोट अजून दगा देतं. पण मला आता ते कळतं आणि मी त्याच्याशी घासाघीस करते. बसमध्ये शेवटच्या थांब्यापर्यंत बसून राहते. टेबल मात्र मी परत खिडकीत नेलं नाही.

एकच गोष्ट राहिली होती, आणि तीच अवघड होती. मी घरी गेले नव्हते. एक दिवाळी टाळली, मग उन्हाळा टाळला. रस्त्यात संडास नसलेली ट्रॅव्हल्स हे कारण खरं होतं, पण पुढं परतवाड्याची पळी होती, ते जास्त खरं. फोनवर मी म्हणाले होते, आई, आता मला तेल चालत नाही. ती म्हणाली, "पुण्याची झाली तू. घरचं तेल बाधते आता तुले." त्यानंतर तिचे फोन कमी झाले. मी पावडर घेत होते, पोट सुधारत होतं आणि आई माझ्यापासून लांब चालली होती. पोटाच्या दुखण्यापेक्षा मला ते जास्त दुखत होतं.

शेवटी मी ठरवलं, हे फोनवर सुटणार नाही. रेल्वेनं गेले, कारण रेल्वेच्या डब्यात संडास असतो. बडनेऱ्याला उतरले, पुढं एसटी पकडली आणि दुपारी घरी पोचले. अपेक्षेप्रमाणे गोळाभात होता. शेजारच्या कमलमावशी मला भेटायला आल्या होत्या, त्याही पानावर बसल्या. आई फोडणीच्या तेलाचं कढलं घेऊन आली, पळी माझ्या भातावर धरली आणि ओतायला लागली. मी ताटावर हात आडवा धरला. तेल बोटांवर पडलं, चटका बसला, आणि आई जिथल्या तिथं थांबली.

"एवढा राग आला आमचा?" ती म्हणाली.

"राग नाई वं आई," मी म्हणाली. हात पाण्यात बुडवला आणि तिला तिथंच सगळं सांगितलं, आमच्या भाषेत, डॉक्टरीणबाईंनी कागदावर काढलं होतं तसं जमिनीवर बोटानं काढून. "पिशवीत होतं ते आपलं पित्त नोतं. ते तेल पचवाचं पाणी होतं. पिशवी ते जमा करून ठेवत होती. आता जमा कराले जागा नाई, म्हणून एकदम तेल पडलं की मले पळा लागते."

आई जमिनीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मंग मी तुले तूप खा म्हणत होती, ते?"

मी जमिनीवर काढलेलं हातानं पुसून टाकलं. तिला कळलं. तिचं तोंड इतकं उतरलं की सांगितलं नसतं तर बरं झालं असतं असं मला वाटून गेलं. पण कमलमावशींना गप्प बसवेना. त्या म्हणाल्या, "जाऊ दे वं, पुण्यात राहून असंच होते. टाक थोडंसं, काही नाई होत."

"काहून नाई होत?" आई एकदम त्यांच्यावर उखडली. "पुण्यानं नाई झालं. पिशवी नाई तिले. तू पचवून देतं का?" मग पळी परत माझ्या भातावर आणली, पण तिरकी केली नाही. माझ्याकडे बघत राहिली. "तू सांग," ती म्हणाली. "किती?"

माझ्या आईनं मला उभ्या आयुष्यात वाढताना किती असं विचारलं नव्हतं. मी म्हणाली, "चमचाभर." तिनं चमचाभरच घातलं, नंतर ते भातावर नीट पसरून दिलं.

पित्ताची पिशवी अमरावतीत राहिली, छापील मराठी शनिवार पेठेत शिकले, आणि झोपायला विश्रांतवाडीत जाते. घर यातलं कुठलं, असं लोक विचारतात. मला आता पत्ता सांगावासा वाटत नाही. त्या दुपारचंच सांगते.

अर्ध्या जेवणात माझ्या पोटात कळ आली. चमचाभर तेलही प्रवासानंतर जास्तच झालं असावं. मी उठले आणि मागच्या अंगणातल्या संडासात गेले. परत आले तेव्हा माझ्या ताटावर दुसरं ताट उपडं घातलेलं होतं. कमलमावशी त्यांच्या सुनेबद्दल काहीतरी सांगत होत्या, आई ऐकत होती. कोणी मान वर करून पाहिलं नाही, कोणी काय झालं विचारलं नाही. आईनं फक्त वरचं ताट काढलं, भाताला बोट लावून पाहिलं आणि पाट जरा माझ्याकडे सरकवला.

"गरम हाय अजून," ती म्हणाली. "बस."