मीनलच्या कॉम्प्युटरवरचा नकार

गूढ अनुभवांचं हे सदर मीनल, माझी बायको, मोठ्याने वाचायची आणि मी हातातल्या पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणायचो, “त्यांनी वायरिंग तपासलं का?” असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आजही आहे, असं म्हणवत नाही. तरी लिहितो आहे... कारण जे झालं, त्यातलं तपासण्यासारखं सगळं मी तपासलं आहे.

आम्ही जर्मनीत वीसलोखला राहतो. मीनल शेजारच्या वाल्डॉर्फला सॉफ्टवेअर कंपनीत होती. मी यंत्रांच्या मॅन्युअल्सची भाषांतरं करतो. तिला जाऊन चौदा महिने झाले. मुलगी इरा अकरा वर्षांची आहे.

आजारपणात मीनल इरासाठी रोज थोडं बोलून ठेवायची. कधी गोष्ट, कधी वरणाला फोडणी कशी द्यायची ते, कधी नुसती बडबड. हे सगळं तिने स्वतः लिहिलेल्या एका छोट्या प्रोग्रॅममध्ये, स्वतःच ठरवलेल्या पद्धतीने साठवलं होतं. तो प्रोग्रॅम तिच्या बारा वर्षं जुन्या कॉम्प्युटरवरच चालायचा. त्याची ऑपरेटिंग सिस्टिमही तेवढीच जुनी – ती बनवणाऱ्यांनी तिच्याकडे बघणं केव्हाच सोडलं होतं. मीनलने मात्र ती कधी बदलली नाही. “चालतंय ना? मग हात लावायचा नाही,” असा तिचा नियम. इतरांच्या मशीनवर सतत काहीतरी नवं चढवणारी बाई, स्वतःच्या मशीनला मात्र जपायची.

ती गेल्यावर इराने स्वतःच ठरवलं – एका रविवारी एकच ऐकायचं. म्हणजे लवकर संपणार नाही. ‘सगळं वाजवून फोनवर रेकॉर्ड का नाही करून ठेवलंस,’ असं आता जो तो विचारतो. त्यासाठी सगळं एकदम ऐकावं लागलं असतं, आणि ते इराला मान्य नव्हतं. फोनमध्ये व्हिडिओ पुष्कळ आहेत, पण त्यात मीनल जवळजवळ नाहीच. शूटिंग तीच करायची.

फेब्रुवारीत त्या कॉम्प्युटरची डिस्क टकटक आवाज करायला लागली. मी घाबरलो. मीनलच्या टीममधला मकरंद आमचा जुना मित्र, त्याला विचारलं. तो म्हणाला, नव्या लॅपटॉपवर हा प्रोग्रॅम असा उठणार नाही, पुन्हा बांधावा लागेल. आणि त्यासाठी जुन्या मशीनवरची बांधायची हत्यारं – कंपायलर आणि त्याच्याबरोबरचं बाकीचं – आधी अपग्रेड करायला हवीत. मी मीनलने लिहिलेला सगळा कोड आणि सगळे आवाज एका यूएसबी स्टिकवर उतरवून घेतले. सगळं म्हणजे, मला जे ‘सगळं’ वाटलं ते.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर बसलो. मकरंद व्हिडिओवर, इरा माझ्या शेजारी स्टुलावर. मकरंदने सांगितलेली कमांड मी टाइप केली. भलीमोठी यादी आली आणि खाली जर्मनमधून प्रश्न – पुढे जायचं का? हो, म्हणजे ‘या’, असेल तर त्याचा ‘जे’ दाबायचा, नाही, म्हणजे ‘नाइन’, असेल तर ‘एन’.

मी जे दाबलं. स्क्रीनवर एन उमटलं. रद्द.

वाटलं, बोट घसरलं. पुन्हा केलं, या वेळी बघून, सावकाश. जे दाबलं, एन उमटलं.

“कीबोर्ड गेला रे तुझा,” मकरंद म्हणाला. “दुसरीकडे टाइप करून बघ.”

स्क्रीनवरच्या दुसऱ्या खिडकीत जे नीट उमटत होतं. ओळभर जे काढले. परत आलो, तर प्रश्नापुढे एन. मग माझ्या कामाचा कीबोर्ड आणून लावला. चौथ्यांदाही एन.

मकरंद हसला. “आल्झो, म्हणजे ही मीनलच आहे! रिव्ह्यूला कोड पाठवला की अशीच करायची. कारण न देता रिजेक्ट, आणि वर विचारायची, चहा घेणार का?”

मीही हसलो.

“इरा, तू दाबून बघतेस?” मी विचारलं.

“नाइन,” ती म्हणाली आणि हात मांडीखाली घेऊन बसली.

डिस्कची टकटक चालूच होती. मला एवढंच दिसत होतं की ही कुठल्याही क्षणी बंद पडेल आणि सगळं जाईल. मकरंदला म्हटलं, “दुसरा काही मार्ग?”

“आहे की. कमांडमध्येच सांगून टाकायचं, सगळ्याला हो धर म्हणून. मग ते विचारतच नाही.” मग म्हणाला, “पण घाई नसेल तर...”

“घाई आहे,” मी म्हणालो.

तसं टाइप केलं. प्रश्न आला नाही. चाळीस मिनिटं ओळी सरकत राहिल्या, कुठेही अडलं नाही.

त्यानंतर मीनलचा प्रोग्रॅम त्या मशीनवर उघडेना. नव्याने बांधला, दोन-तीन खटपटींनंतर तो उघडला. त्या रविवारचं रेकॉर्डिंग लावलं. लांबी बरोबर दिसत होती, चार मिनिटं बारा सेकंद. आवाज मात्र नुसता खरखरीचा. दुसरं लावलं, तिसरं लावलं. मग इराने मला थांबवलं आणि पहिलं परत लावून शेवटपर्यंत ऐकलं, खरखरच.

मकरंदला कारण कळायला आठवडा लागला. आवाज उलगडणारा एक भाग मीनलने त्या जुन्या हत्यारांच्या आतच स्वतःच्या हाताने बदलून ठेवला होता. अपग्रेड करताना तो पुसला जाऊन त्याच्या जागी नवा आला. मी तिचं लिहिलेलं जपलं, बोललेलं जपलं. ज्याच्यावर ते उघडत होतं, ते जपायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. पुसलेलं परत मिळवून देणाऱ्या माणसांकडे डिस्क पाठवून झाली. त्यांनी दिलगिरीच्या पत्रासोबत ती परत पाठवली.

हे झालं समजण्यासारखं. त्या एनचं मात्र काही समजत नाही. मकरंदने मशीनमधली नोंद काढली – चारही वेळा मशीनला एनच मिळालं होतं. दोन्ही कीबोर्ड धड आहेत. एकावर हे लिहितो आहे.

त्या रविवारी संध्याकाळी जेवताना इरा म्हणाली, “बाबा, आई हाट डोख नाइन गेझाक्ट.” आई नाही म्हणाली होती ना. रागाने नाही, साधं विचारल्यासारखं. मी तिच्या ताटात भात वाढला. दुसरं काय करणार?

असे अनुभव आलेली माणसं इथे लिहितात की आपलं माणूस जवळ आहे, याचा धीर वाटला. मला वाटला नाही. कीबोर्डच बिघडला होता, असं कोणी सिद्ध करून दिलं तर मी त्याचे पाय धरीन. कारण तो बिघडला नसेल, तर इतक्या महिन्यांनी ती एवढंच बोलली, चारदा बोलली, आणि मी तिला विचारणंच बंद केलं.

ती डिस्क अजून चालू आहे. टकटकते, पण बंद पडत नाही. रोज सकाळी, इरा शाळेत गेली की मी तिथे बसतो आणि तीच कमांड देतो, या वेळी ‘हो धर’ न सांगता. एक ओळ येते – सगळं अद्ययावत आहे, करण्यासारखं काही उरलेलं नाही. मी थोडा वेळ थांबतो. प्रश्न येत नाही.